आढ्यावरचा खराटा

सेव्हेरिनच्या घराच्या आढ्यावर दीड वर्ष झालं एक खराटा उलटा उभा आहे. गोठ्यातला खराटा, बर्चच्या काटक्यांचा, शेणानं माखलेला. तो मीच बांधलाय, दुहेरी तारेनं. ओल्शिन्का गावात नवं माणूस आलं की आधी त्याची नजर त्या घराच्या चार पांढऱ्या खांबांवर जाते, मग वर चढते, आणि ते विचारतं, "मिस्त्री, ते वर काय हो?"

मी सांगतो, "घरमालक."

आमच्या बुग नदीच्या काठाला रीत आहे. छपराचा सांगाडा उभा राहिला, शेवटचा वासा आढ्याला भिडला, की सुतारानं वर हिरव्या डहाळ्यांचा तुरा बांधायचा, त्याला रंगीत फिती लावायच्या. मग खाली उतरलेल्या एकेका कारागिराच्या पेल्यात मालकानं स्वतःच्या हातानं दारू ओतायची आणि मालकिणीनं राईचा पाव नि मीठ पुढं करायचं. हातभट्टीची असली तरी चालते. खरं तर तीच बरी. मालकानं ही रीत मोडली तर तुऱ्याच्या जागी खराटा. आणि एकदा चढलेला खराटा मालकानं समोर उभं राहून ओतल्याशिवाय उतरत नाही. माझ्या आज्यानं जन्मात एकच खराटा बांधला, एका चिकट गिरणीवाल्याला. बापानं एकही नाही. मी हा एक.

सेव्हेरिन म्हणजे बोझेनावहिनीचा एकुलता. बाप लवकर गेला. पोरगं हुशार निघालं. आमच्याकडं हुशार पोराची खूण सोपी आहे, त्याला कुऱ्हाड नीट धरता येत नाही. असलं पोरगं दिसलं की मास्तरणी, पाद्री, आई, सगळे मिळून त्याला वॉर्साला ढकलतात. हाही गेला. तिथं कशाचं तरी व्यवस्थापन शिकला. कशाचं, ते वहिनीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ती नुसतं हात हवेत फिरवायची आणि म्हणायची, "म्हंजे बगा, सगळ्याचंच."

मग तो एका काचेच्या मनोऱ्यात तेविसाव्या मजल्यावर नोकरीला लागला. परक्या मुलखातल्या कंपन्यांची बिलं तपासायची. पगार हातात पाच हजार दोनशे झ्लॉटी. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. आमच्या गायींच्या कानाला बिल्ला असतो. पण गायीला संध्याकाळी कुणीतरी घरी आणून बांधतं.

मी एकदा कमरेच्या दुखण्यापायी वॉर्साच्या डॉक्टरकडं गेलो होतो, तेव्हा एक रात्र त्याच्याकडं टेकलो. खोली चौदा चौरस मीटर. चुलीच्या वर शिडी, शिडीच्या वर पलंग. संडासाचं दार उघडायचं तर आधी फ्रिजचं दार लावायचं. एका दातांच्या डॉक्टरानं एक जुना फ्लॅट भाकरीसारखा तोडून त्याचे पाच तुकडे केलेले, आणि एकेका तुकड्याचं भाडं पोराच्या अर्ध्या पगाराहून जास्त.

"काय रं," मी म्हणालो, "ह्याला घर म्हनत्यात व्हय?"

"मिस्त्रीकाका, याला स्टुडिओ म्हणतात." वॉर्साला इतकी वर्षं राहून त्याची बोली अशी गुळगुळीत झाली होती, जणू जिभेवर रंधा मारलाय. "लोकेशन बघा ना. मेट्रो चार मिनिटांवर आहे."

"मेट्रोत निजतूस काय?"

"तसं नाही हो..."

"माज्या डुकरीला बी ह्याच्यापरीस ऐसपैस जागा हाय. आन ती भाडं देत न्हाई."

"काका, जरा हळू बोला. भिंती पातळ आहेत."

भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं. बहुधा हसू दाबलं असावं.

पुढच्या वसंतात दातवाल्यानं भाडं आणखी वाढवलं. सेव्हेरिन बँकेत गेला. तिथल्या पोरीनं गोड हसून सांगितलं, पगार छान आहे, फक्त घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा आधी रोख आणा. तो म्हणाला, तेवढा जमवायला सात वर्षं लागतील. ती म्हणाली, सात वर्षांनी किंमत निराळी असेल. म्हणजे गाढवाच्या नाकापुढं गाजर, आणि गाजर गाढवापेक्षा जोरात पळणारं. हे एवढं कळायला त्याला व्यवस्थापनाची पदवी कामी आली नाही. त्यानं पट्टा काढून ठेवला आणि आमच्याकडची सगळीच जातात तिकडं, ब्रसेल्सला गेला. भिंती उभारायला, जिप्समच्या. कुऱ्हाड न धरता येणारं पोरगं.

आता किंगाचं सांगायला पाहिजे, कारण खरा पेच तिथंच होता.

किंगा गावातल्या बालवाडीत शिकवते. गायीवाल्या आल्फोन्सची पोरगी, हाडापेरानं मजबूत, तोंडानं त्याहून. सेव्हेरिनशी तिचं शाळेपासूनचं. ती वॉर्साला गेली नाही, ब्रसेल्सलाही नाही म्हणाली. "तितं जाऊन म्या काय करू? बायकांची न्हाणीघरं घासू? मला इतं बावीस पोरं हायती, त्यांची नाकं पुसून हात रिकामा व्हत न्हाई." मग दोघांनी बेत केला. बापाची जागा रिकामी आहे. सेव्हेरिननं तीन वर्षं तिकडं राबायचं, इकडं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं करायचं, लग्न करायचं, बस्स.

बेत चांगला होता. आमच्या गावात वाईट बेत कुणी करतच नाही. चांगलाच करतात, आणि मग रस्त्यापलीकडं बघतात.

रस्त्यापलीकडं लुत्सियानचं घर. लुत्सियान नॉर्वेत मासे कापतो. त्याचं घर दुमजली, पुढं दोन खांब, गच्चीला सोनेरी कठडा. घरात कोण राहतं? कुणी नाही. लुत्सियान वर्षाला दहा दिवस येतो, त्यातले चार गवत कापण्यात जातात.

पहिला नकाशा मीच काढून दिला होता, वहीच्या पानावर. पाया आखायच्या आदल्या दिवशी सेव्हेरिनचा फोन आला.

"काका, एक छोटासा बदल. लुत्सियानचं घर लांबीला किती आहे?"

"कशाला?"

"सहज."

"चौदा मीटर."

"मग आपलं पंधरा करू."

"आरं, दोन खोल्या पंधरा मीटरमदी? आत काय घोडी पळवनार हाईस?"

"खोल्या सहा करू ना. वर मजला. पुढंमागं मुलं होतील, पाहुणे येतील. आणि समोर खांब."

"किती?"

त्यानं आधी घसा खाकरला. मग म्हणाला, "चार."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मी म्हणालो नाही, कारण गावात खांब पहिल्यांदा आणला तो मीच. मीही अकरा वर्षं ब्रसेल्सला भिंती उभारल्या, एका पोटमाळ्यावर सहा जणांत झोपलो, आणि परत येऊन दारापुढं दोन खांब ठोकले, लोकांनी बघावं म्हणून. लोकांनी बघितलं. माझे दोन्ही पोरगे त्याच पोटमाळ्याच्या शेजारच्या गल्लीत आता राहतात, आणि माझ्या चार खोल्यांत कांदे वाळत असतात. तेव्हा मी कुणाला शहाणपण शिकवणार? घेतली कुऱ्हाड, लागलो कामाला.

तीन वर्षांची चार झाली, चाराची पाच. घर मोठं म्हणून पैसा जास्त, पैसा जास्त म्हणून तिकडचा मुक्काम जास्त. परत येण्यासाठी बांधलेलं घर त्याला परत येऊ देईना. ब्रसेल्सला तो एका पलंगाचं भाडं भरायचा, खोलीचं नाही. रात्रपाळीवाला उठला की हा त्याच्या उबेत निजायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या न्हाणीघराच्या भिंती सरळ करायच्या आणि संध्याकाळी फोनवर मला विचारायचं, की काका, खांबाच्या डोक्यावर पानं कोरायची का. द्राक्षाची पानं! आमच्याकडं द्राक्षं होत नाहीत. बटाट्याची पानं कोर म्हणालो असतो तर शोभलं असतं.

मेच्या शेवटी भिंती पुऱ्या झाल्या, वासे रचायला घेतले. एके दुपारी किंगा सायकलवरून आली. सायकल खांबाला टेकवली आणि वर बघत म्हणाली, "काका, खाली या जरा."

माझा जोडीदार वात्सेक वरून ओरडला, "मालकीनबाई, पाव आनलासा काय?"

"तुज्या तोंडात चिखल घालीन, गप ऱ्हा," ती म्हणाली.

मी उतरलो. तिनं विचारलं, "तुरा कंदी?"

"जूनच्या दुसऱ्या शनवारी."

"मग त्याला म्या सांगितलंय. त्या शनवारी तितलं काम सोडून यायचं. कायमचं. त्याच्या आईच्या अंगनातल्या उन्हाळी सैपाकघरात ऱ्हाऊ, खालच्या दोन खोल्या पुऱ्या करू, वरचा मजला कबूतरं बगतील. त्या दिशी त्यो तुऱ्याखाली हुबा असला तर म्या पाव घिऊन त्याच्या शेजारी हुबी. नसला तर न्हाई. आता पाच वर्सं झाली काका. म्या घराशी लगीन करनार न्हाई."

"त्यो काय म्हनला?"

"येतो म्हनला. शंभरदा म्हनला."

"मग यील की."

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं ती शेंबडं पोर खोटं बोलताना बघत असेल. सायकल उचलली आणि गेली.

दुसरा शनिवार उजाडला. बोझेनावहिनीनं अंगणात टेबलं मांडली. आंबवलेल्या काकड्या, धुरावलेलं डुकराचं मांस, भट्टीतून काढलेला किसलेल्या बटाट्याचा केक. गावातली तीस-चाळीस माणसं जमली. आमच्याकडं दुसऱ्याच्या घराची फजिती बघायला माणसं नेहमीच वेळेवर येतात. ब्रसेल्सची मिनीबस सकाळी सहाला देवळापाशी थांबते. तिच्यातून चार बायका उतरल्या, एक दूरदर्शनचं खोकं उतरलं, सेव्हेरिन उतरला नाही.

मी आढ्यावर तुरा मांडीवर घेऊन बसलो होतो. वात्सेक शेजारी. खाली वहिनी हातात फोन उभा धरून उभी, फोनमध्ये सेव्हेरिन. डोक्यावर कामावरचं पिवळं हेल्मेट, मागं अर्धी भिंत.

"आई, जरा वर धर ना. खांब दिसत नाहीत."

"सेवेक, आरं बाळा, तू कुटं हाईस?"

"आई, आज शनिवारी काम केलं की दुप्पट पैसे आहेत. खिडक्यांचा पहिला हप्ता निघतो. एकोणीस खिडक्या आहेत, आई. पुढच्या महिन्यात नक्की."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. किंगा फाटकापाशी उभी होती. हातात टॉवेलात गुंडाळलेला पाव होता. आणला होता तिनं.

रीत अशी, की तुरा बांधायच्या आधी मुख्य सुतारानं वरून हाक द्यायची. मी दिली. काय करणार, रीत ती रीत.

"ह्या घराचा मालक कोन?"

"मी! मी आहे, काका!" फोनमधून आवाज आला, डबीतल्या माशीसारखा.

"वतनार कोन?"

"आई ओतेल ना! आई, ओत सगळ्यांना. माझ्या नावानं."

मी दुसरी हाक दिली. "ह्या घराची मालकीन कोन?"

चाळीस माथी फाटकाकडं वळली. सेव्हेरिन फोनमधून म्हणत होता, "आई, फोन किंगाकडं फिरव. किंगा, बोल ना. पुढच्या महिन्यात, शप्पथ."

किंगा टेबलापाशी आली, पाव ठेवला, टॉवेल काढून त्याची घडी घातली, काखेत मारली. फोनकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. वर माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, म्या न्हवं."

आणि गेली.

वात्सेक हळूच म्हणाला, "आता काय?"

"गोठ्यात जा," मी म्हणालो, "खराटा आन."

"मिस्त्री, म्हातारी रडंल."

"रडू दे. चाळीस मानसांम्होरं फोननं दारू पाजतंय बेनं. जा."

तुरा मी खाली टाकला. शेळीनं खाल्ला तो. खराटा बांधताना वहिनी खालून काहीतरी ओरडत होती आणि फोन तिच्या हातात उलटा झाला होता, त्यात नुसतं आभाळ दिसत असणार. लोकांनी मात्र डुकराचं मांस संपवलं. बटाट्याचा केकही. आमचं गाव शोकात कधी उपाशी राहत नाही.

दोन आठवड्यांनी सेव्हेरिन आला. शुक्रवारी उतरला, रविवारी दुपारची परतीची बस. माझ्याकडं आला तो हातात दारांच्या पितळी कड्यांचं खोकं घेऊन. पंचवीस वर्षांत मी इतकी जड कडी बघितली नव्हती.

"काका, तो खराटा काढा ना. लोक हसतायत."

"काडतो की. कारागिरांना बोलीव. हुबा ऱ्हा, वत. किंगा न्हाई तर न्हाई, आई पाव दील."

त्यानं घड्याळ बघितलं. मग खिशातनं पन्नास युरोची नोट काढली. "वेळ नाहीये हो. तुम्हीच एक चांगली बाटली घ्या, सगळे मिळून प्या. माझ्यातर्फे."

मी त्या नोटेकडं बघितलं आणि त्याच्याकडं बघितलं. पाच वर्षांत त्याचे हात आमच्यासारखे झाले होते, भेगाळलेले, नखांत चुना. डोकं मात्र अजून तेविसाव्या मजल्यावर.

"सेव्हेरिन," मी म्हणालो, "ही घडी करून त्या कडीखाली घाल. वाजनार न्हाई."

तो किंगाकडं गेला ते मला तिनंच नंतर सांगितलं. जुन्या शाळेच्या मागं मास्तरांसाठी एक खोली असते, ती तिनं पंचायतीकडून मागून घेतली होती. एक खोली, एक शेगडी, खिडकी एक. भाडं नावापुरतं. तो दारात उभा राहिला आणि खिडक्यांचं बोलायला लागला. तीन काचांच्या आहेत, थंडी आत येत नाही, जर्मनीहून येतात.

ती म्हणाली, "इतं एक खिडकी हाय. ताटं दोन हायती. तुला यायचं तर ये, आत्ता. तुजं घर मातर बाहीर ठिवायचं."

"म्हणजे काय?"

"म्हंजे इक ते. न्हाईतर तसंच पडू दे. लाकूड इकून ये. पन तू इतं ऱ्हा."

"विकू? किंगा, लुत्सियान काय म्हणेल?"

हे वाक्य मी तिला दोनदा बोलायला लावलं. मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. तर म्हणाली, "व्हय काका, आसंच म्हनला. लुत्सियान." ज्या लुत्सियानला तो गेल्या पाच वर्षांत दोनदाही भेटला नसेल. तो तिकडं नॉर्वेत माशांची डोकी उडवत असेल आणि त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल, की त्याच्यापायी इकडं एका पोराचं लग्न मोडलं.

रविवारी बस देवळापाशी उभी होती. रविवारची प्रार्थना आटपून माणसं बाहेर पडत होती. सेव्हेरिन पायरीपाशी पिशवी घेऊन घुटमळत होता, एक पाय वर, एक खाली. किंगा आली ती बटाट्याची पिशवी खांद्यावर घेऊन. त्याच्यासमोरून गेली. थांबली नाही, पण चाल जरा कमी केली, ते मी बघितलं. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरला असता. दगडालासुद्धा पुरला असता.

बसवाला म्हणाला, "येतोस का राहतोस, दादा? दार लावायचंय."

सेव्हेरिन म्हणाला, "थांबा, थांबा. खिडक्यांचा अ‍ॅडव्हान्स दिलाय." कुणाला म्हणाला कोण जाणे. बसवाल्यानं काय करायचं त्याच्या अ‍ॅडव्हान्सचं? आणि दुसरा पाय वर घेतला.

आपल्यात म्हणतात, बडा घर पोकळ वासा. मी सुतार आहे, मला हे मान्य नाही. वासे मी बसवलेत, चांगल्या पाइनचे, एकही पोकळ नाही. पोकळ काय आहे ते मी बसच्या पायरीवर बघितलं.

खिडक्या आल्या. एकोणीसच्या एकोणीस बसल्या. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन रिकामी घरं एकमेकांच्या काचांत बघत असतात. बोझेनावहिनी अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहते, कारण एवढं मोठं घर तापवायचं तर वर्षाची लाकडं आठवड्यात जळतील. दर शनिवारी ती शिडी घेऊन खिडक्या पुसते.

गेल्या नाताळानंतर पाद्री घरोघर आशीर्वाद द्यायला निघाला. नवीन पाद्री, लांबचा, कोवळा. आदल्या दिवशी वहिनी माझ्याकडं आली. "भावजी, तेवडा खराटा काडा की. फादरला काय वाटंल?"

"वहिनी, तुमी सांगा, म्या काडतो. पन मग ह्या घरावर तुरा कंदीच बांदनार न्हाई."

तिनं डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. यील त्यो उन्हाळ्यात."

पाद्रीसोबत मी होतो, कंदील धरायला, कारण त्या दिवसांत तीनलाच अंधारतं. वहिनीच्या स्वयंपाकघरात मेणबत्ती, पांढरं कापड, पवित्र पाणी, सगळं जागच्या जागी. त्यानं आशीर्वाद दिला, पाणी शिंपडलं, दक्षिणेचं पाकीट घेतलं. अंगणात आल्यावर त्यानं ते चार खांब बघितले, काळोख्या काचा बघितल्या, आणि अगदी साधेपणानं विचारलं, "आणि या घरात कोण राहतं?"

"कुनी न्हाई, फादर," बोझेनावहिनी म्हणाली. "ते सेवेकचं घर हाय."